रिपोर्ट नॉर्मल, पण दुखणं थांबेना! अंगावर काढलेलं दुखणं मनावर कसं येतं?

पुनावळे : सकाळी सहा-साडेसहाला कोयते वस्ती चौकात कंपनीच्या बसची वाट बघत माणसं उभी असतात. कुणाला चाकण गाठायचंय, कुणाला तळवडे, कुणाला हिंजवडी. बस आली की एक हात दांडीला जातो आणि काहींचा दुसरा हात आपोआप कमरेवर. "काय, कंबर धरली काय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "चालायचंच, गोळी घेतलीय." संध्याकाळी तोच माणूस घरी येतो, दोन घास खातो, कुणाशी फार बोलत नाही आणि भिंतीकडं तोंड करून पडतो. झोप मात्र लागत नाही.

कमरेवरचा हात सगळ्यांना दिसतो. न बोलणं, चिडचिड, झोप उडणं हे मात्र 'अलीकडं स्वभाव बिघडलाय' म्हणून घरात खपून जातं. खरं तर ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. पुनावळे, ताथवडे, मारुंजीपासून पुढं मावळ, खेड, चाकणपर्यंतच्या पट्ट्यात दवाखाने भरपूर झाले. हाडाचे डॉक्टर आहेत, एमआरआय आहे, फिजिओथेरपी आहे. पण वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्या माणसाला "झोप लागते का? मनाला कसं वाटतं?" असं विचारणारं फार थोड्या ठिकाणी भेटतं. तिथंच गाडी अडलीय.

आकडे काय सांगतात?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना म्हणतात. आपल्याकडं त्याला 'जुनं दुखणं' म्हणतात. कंबर, मान, गुडघे, खांदा, अर्धशिशी, मधुमेहामुळं पायाची आग, अपघातानंतर राहिलेली कळ, हे सगळं त्यात आलं.

एकट्या कंबरदुखीचा हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे साधारण दर तेरा माणसांत एक. २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे.

आता मनाचं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात ५० देशांतल्या ३७६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. दीर्घकालीन वेदना असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के लोकांमध्ये नैराश्याची किंवा चिंतेची ठळक लक्षणं होती. दहा दुखणाईत घेतले तर त्यातले चार. म्हणजे हा एखाद्या 'कमकुवत मनाच्या' माणसाचा प्रश्न राहत नाही.

तिसरा आकडा गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात सर्वाधिक २२ हजार ७४६ महाराष्ट्रात होत्या. कारणांमध्ये कौटुंबिक अडचणींनंतर दुसरा क्रमांक आजारपणाचा होता, १८.४ टक्के. परीक्षेतलं अपयश, कर्ज यावर बातम्या होतात, चर्चा होते. आजारपणानं थकलेल्या माणसाची बातमी दोन ओळींत संपते. या आजारपणात सगळेच रोग येतात, फक्त वेदना नाही. तरीही दुखण्याला कंटाळलेल्या माणसाकडं वेळेत लक्ष द्यायला हवं, एवढं या आकड्यावरून नक्की कळतं.

जखम भरली, मग दुखतं का?

हा प्रश्न घरातली माणसं विचारतात आणि दुखणारा स्वतःलाही विचारतो. उत्तर समजून घेण्यासारखं आहे.

साधी वेदना म्हणजे कंपनीचा भोंगा. आग लागली की वाजतो, माणसं बाहेर पडतात, आग विझली की भोंगा बंद. जुन्या दुखण्यात आग विझलेली असते, पण भोंगा वाजायचा थांबत नाही. सतत निरोप पोहोचवून मज्जातंतू आणि मेंदू इतके हळवे होतात की साध्या हालचालीलाही ते धोका समजतात. त्यामुळं एमआरआयमध्ये फार काही दिसत नाही, पण माणूस मात्र कळवळतो. उलटंही होतं. काहींच्या एमआरआयमध्ये मणक्याची चकती घासलेली दिसते आणि त्यांना काहीच दुखत नसतं.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेचं एक गणित मांडलं. पाठीच्या कण्यात जणू एक वेस आहे आणि वेदनेचा निरोप त्या वेशीतून मेंदूकडं जातो, असं त्यांचं म्हणणं. भीती, काळजी, जागरण यांनी वेशीचं दार जास्त उघडतं. निवांतपणा, आवडीचं काम, चोळणं, हालचाल यांनी दार ओढलं जातं. पोराला लागलं की आई तिथं चोळते, फुंकर घालते आणि पोर गप्प होतं, त्यामागं हेच आहे. पुढच्या संशोधनात या गणितात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. पण मन आणि वेदना एकाच वाटेवर चालतात, हा मुद्दा टिकला. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा शरीराचा आणि भावनेचाही अनुभव आहे असंच म्हटलंय.

म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'नाटक करतोय' असा होत नाही. आणि 'मनाचाही भाग आहे' असं डॉक्टर म्हणाले, तर त्याचा अर्थ 'दुखणं खोटं आहे' असाही होत नाही. आपल्याकडं या दोन वाक्यांचा नेमका उलटा अर्थ काढला जातो आणि तिथून पुढं सगळं बिघडतं.

चिकुनगुनियानं दिलेला धडा

ज्यांना हे पटत नाही त्यांनी २०२४ चा पावसाळा आठवावा. त्या वर्षी पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात चिकुनगुनियाचे रुग्ण खूप वाढले. ताप पाच-सहा दिवसांत उतरला. पण सांधे काही जणांचे आठवडे, काहींचे महिने धरून राहिले. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, चहाचा कप धरवत नाही, स्कूटरचा क्लच दाबवत नाही. या आजाराचं नावच आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतून आलंय आणि त्याचा अर्थ 'वाकून जाणं' असा आहे.

महाराष्ट्राला हा आजार नवा नाही. १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली होती. २००६ मध्ये तो राज्यात गावोगावी पसरला. प्रत्येक वेळी साथ संपली की फवारणी थांबते, आकडेवारी बंद होते. ज्यांचे सांधे राहिले त्यांची नोंद मात्र कुठंच राहत नाही. तापाच्या दिवसांत घरचे विचारपूस करतात, शेजारी डबा आणून देतात. तीन महिन्यांनी तेच लोक म्हणतात, "अजून तेच चाललंय का?" जुन्या दुखण्याचा माणूस इथं एकटा पडायला लागतो.

खाडा कुणाला परवडतो?

वेदना सगळ्यांना सारखी असेल, तिचा भार सारखा नसतो.

पहिला कंत्राटी कामगार. चाकण-तळेगाव-भोसरी पट्ट्यात उभ्यानं, वाकून, एकच हालचाल शिफ्टभर करत राहायची. वर ओव्हरटाइम. येता-जाता दुचाकीवर खड्डे आणि महामार्गाच्या भुयारी रस्त्यातली कोंडी. कंबर गेली म्हणून सुट्टी घेतली तर खाडा पडतो, चार खाडे झाले तर ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. म्हणून तो दुखणं सांगतच नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेला असेल तर गावाकडं फोनवरही सांगत नाही, कारण घर त्याच्या पगारावर चालतं. भाड्याच्या खोलीत रात्री दुखणं आणि तो, दोघंच. दुखणं विसरायला दारूची सवय लागते ती अशातूनच. दारूनं झोप आल्यासारखी वाटते, पण ती झोप तुटक असते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं.

दुसरी बाई. मुळशी-मावळात भात लावणीला दिवसभर चिखलात वाकून राहणाऱ्या बायका बघितल्या की कंबरदुखी कुठून येते हे विचारायला नको. घरी आल्यावर धुणं, भांडी, पाणी असतंच. तिचं दुखणं घरात कुणी मोजत नाही. "सगळ्यांनाच दुखतं" हे वाक्य तिला सासरी ऐकायला मिळतं आणि "सोसायला शिक" हे माहेरी. काही वर्षांनी ती रडते तेव्हा लोक म्हणतात, हिच्या अंगात आळस आहे.

तिसरा वयस्कर शेतकरी. पुनावळे १९९७ मध्ये महापालिकेत आलं. त्यानंतर वावरं गेली, टॉवर उभे राहिले. काहींच्या हातात पैसा आला. पण ज्याचा सगळा दिवस बैलजोडी, पाणी, खुरपणीत जायचा त्याच्याकडं आता नुसता वेळ उरलाय. गुडघे दुखतात म्हणून पारावर जाणं बंद, मग भजनाला जाणं बंद. काम आणि माणसं दोन्ही सुटली की दुखण्याकडंच सगळं लक्ष जातं. वेशीचं दार उघडं राहतं ते असं.

दोन दारं, मधे माणूस गळतो

आता व्यवस्थेकडं बघू. पुनावळ्यातला माणूस महापालिकेच्या हद्दीत आहे, त्याला पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. शेजारच्या मारुंजी, नेरे, जांबेच्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर पौडचं ग्रामीण रुग्णालय. कामगार विमा असेल तर चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय रुग्णालय. औंधला जिल्हा रुग्णालय आहे. कागदावर दारं कमी नाहीत.

अडचण अशी की हाडाची ओपीडी एकीकडं आणि मनाची दुसरीकडं. हाडाच्या ओपीडीत गर्दी एवढी की डॉक्टरला माणसामागं काही मिनिटंच मिळतात. गोळी, पट्टा, तपासणी लिहून होते. मन उदास आहे का हे विचारायला वेळ नाही. दुसऱ्या दारात माणूस स्वतःहून जात नाही, कारण आपल्या भागात मनाचा दवाखाना म्हटलं की लोकांना एकच शब्द सुचतो, 'येरवडा'. चेष्टेतसुद्धा "याला येरवड्याला न्या" असं म्हणायची आपली रीत. अशा गावात कोण सांगेल की मला मनाच्या डॉक्टरला दाखवायचंय?

याचा फटका औषधालाही बसतो. मधुमेहानं पायाची आग होते किंवा नागिणीनंतर शिरा दुखत राहतात, तेव्हा डॉक्टर कधी कधी ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी थोड्या मात्रेत देतात. ही गोळी मूळची नैराश्यावरची, पण मज्जातंतूच्या दुखण्यावरही वापरली जाते. मोबाईलवर नाव टाकलं की 'नैराश्याचं औषध' असं दिसतं आणि घरात गोंधळ होतो, "डॉक्टरनं वेडाची गोळी दिली!" गोळी कचऱ्यात जाते. डॉक्टरनं दोन मिनिटं समजावलं असतं आणि माणसानं एकदा परत जाऊन विचारलं असतं, तर हे टळलं असतं.

कायदा मात्र रुग्णाच्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणं हा त्यानं प्रत्येकाचा हक्क ठरवला. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराच्या बरोबरीनं मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं, हेही त्यातच आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखालचा माणूस समजून शिक्षेऐवजी उपचार द्यावेत, असंही हा कायदा सांगतो. केस होईल या भीतीनं घरचे अशी गोष्ट दवाखान्यात लपवतात. लपवू नये.

अपंगत्वाच्या बाबतीत मात्र फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मानसिक आजार त्यात आहे. पण नुसती दीर्घकालीन वेदना हा वेगळा प्रकार नाही. ज्याला उभं राहवत नाही पण तपासणीत ठोस काही निघत नाही, तो प्रमाणपत्राच्या रांगेतून रिकाम्या हातानं परत येतो.

कामगारांनी हे माहीत ठेवावं

महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो, मग तो कंत्राटी असला तरी. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. बहुतेकांना यातलं फक्त औषध माहीत असतं. पण आजारपणात काम बंद राहिलं तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर विसंबून राहू नये.

लांबलेल्या ३४ आजारांसाठी पुढं दोन वर्षांपर्यंत ८० टक्के दरानं रक्कम देण्याची तरतूद आहे. त्या यादीत मणक्याची चकती सरकणंही आहे आणि गंभीर मानसिक आजारही आहेत. मात्र त्याला सलग दोन वर्षांची विमा नोकरी लागते. गोम इथंच आहे. विम्याचा नंबर एकच आणि कायमचा असतो. ठेकेदार बदलला की नवा नंबर काढला जातो आणि मागची सेवा कागदावरून पुसली जाते. नवीन ठेकेदाराकडं जाताना जुना नंबर आग्रहानं द्यावा.

पट्टा, ट्रॅक्शन आणि पुडी

कंबरदुखीवर नेमकं काय उपयोगी पडतं याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात आखून दिलेला व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मनाला वळण लावणारं समुपदेशन आणि गरजेपुरती वेदनाशामक गोळी यांची बाजू घेतलीय. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं नेहमीचे उपचार म्हणून वापरू नयेत असं म्हटलंय. आपल्या भागात गल्लोगल्ली काय चालतं ते आठवा. पट्टा आणि ट्रॅक्शन आधी, व्यायाम नंतर, समुपदेशन कधीच नाही.

मेडिकलमधून स्वतःच गोळी आणून महिनोन्‌महिने खाणं धोक्याचं आहे. रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना तर जास्तच. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनी बिघडू शकते. गावोगाव मिळणाऱ्या 'रामबाण' पुडीत काय मिसळलंय हे कुणी सांगत नाही. काही पुड्यांत स्टेरॉइड निघतं. चार दिवस जादू वाटते, मग हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

आपल्याच मातीत जमलेलं काम

गावात मानसोपचार तज्ज्ञ कुठून आणणार, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्यामार्फत नैराश्य ओळखणं, बोलणं, गरज लागली तर डॉक्टरकडं नेणं असं काम केलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते २७.२ टक्क्यांवर गेलं. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा असाच प्रयोग झाला. त्यातही गावातलेच स्वयंसेवक होते.

गोव्याचा अनुभव आपल्या विषयाच्या आणखी जवळचा. तिथल्या आरोग्य केंद्रांत नैराश्य असलेली बरीच माणसं 'मन उदास आहे' असं सांगत येत नाहीत. अंग दुखतं, थकवा येतो, झोप नाही, असंच सांगतात. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर अभ्यास झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. बैठकीत भर एकाच गोष्टीवर, सुटलेलं काम आणि सुटलेली माणसं थोडी थोडी परत धरायची. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हेच प्रमाण ३९ टक्के होतं.

राज्य सरकारनंही २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन ताणाखालची माणसं शोधतात. पुणे जिल्हा 'सधन' म्हणून अशा यादीत येत नाही. पण कंत्राटी कामगाराच्या खोलीत आणि जमीन गेलेल्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर सधनपणा पोहोचलाय का, हे कुणी तपासलेलं नाही.

घरात काय करता येईल?

दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. पण दुखणं असताना दिवस नीट जाऊ शकतो. त्यासाठी काही साध्या गोष्टी.

घड्याळावर काम करावं. बरं वाटलं की दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं आणि मग तीन दिवस अंथरुणात, हा खेळ बहुतेक सगळे खेळतात. त्यापेक्षा वीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा. दुखायला लागल्यावर थांबण्याऐवजी वेळ झाली की थांबायचं. खुरपणी असो की भांडी, नियम तोच.

हालचाल सोडू नये. पहिल्या दिवशी दहा मिनिटं चालणं, आठवड्यानं बारा. झोपून राहण्यानं स्नायू आणखी सैल होतात.

झोपेची वेळ ठरवावी. रात्री अंथरुणात मोबाईल बघत दुखण्याचे व्हिडिओ शोधणं बंद करावं. त्यानं भीतीच वाढते.

एक आवडीचं काम ठरवून करावं, दुखत असलं तरी. भजन, भिशी, तालमीत पोरांची कुस्ती बघणं, शेजारणीशी गप्पा. 'बरं झाल्यावर जाईन' म्हटलं की जाणं होतच नाही.

घरच्यांनी पुरावा मागू नये. "आज दुखतंय का?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा नको आणि "तुझं नेहमीचंच" हेही नको. "आज मी काय करू?" एवढं विचारलं तरी पुष्कळ. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरंच. शेजारी बसायला मात्र सगळं कळावं लागत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक गेलेली, असं असेल तर डॉक्टरला सांगावं. "माझं ओझं होतंय", "आता पुरे झालं" असं कुणी बोलायला लागलं तर चेष्टेवारी नेऊ नये. त्याला एकटं सोडू नये आणि स्पष्ट विचारावं, "जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतोय का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातली शेतीची औषधं आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा.

दुखण्याबरोबर पाय लुळे पडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, ताप, कारण नसताना वजन घटणं यातलं काही दिसलं तर थांबू नये, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं.

मागणी कशाची करायची?

रस्ता, पाणी, कचरा यासाठी या भागातली माणसं एकत्र येतात. आरोग्याचीही एक छोटी मागणी तशीच करता येईल, आणि तिला नवीन इमारत लागत नाही. तीन महिन्यांहून जास्त दुखणं असलेला माणूस आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ईएसआयमध्ये आला की त्याला दोनच प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास किंवा निराश वाटलं का? आणि कामात, माणसांत रस वाटेनासा झाला का? हे दोन प्रश्न जगभर वापरले जातात, विचारायला दोन मिनिटं लागतात. उत्तर 'हो' आलं तर त्याच केसपेपरवर पुढची चिठ्ठी लिहावी आणि त्याच इमारतीत आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसावा. उपकेंद्रांचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, त्यातल्या १२ सेवांमध्ये मानसिक आरोग्य धरलेलंच आहे. ग्रामपंचायतीनं ग्रामसभेत आणि पुनावळेकरांनी प्रभागात एवढंच विचारावं, ही सेवा आपल्याकडं कोणत्या वारी मिळते?

कंपन्यांकडंही मागण्यासारखं आहे. कंबर धरलेल्या माणसाला काही दिवस हलकं काम आणि तासाला पाय मोकळे करायची मुभा दिली, तर खाडे कमी होतील. तयार हाताचा कामगार घालवून नवा शिकवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

तोवर एक नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवावा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ वर दिवसरात्र, मोफत आणि मराठीत बोलता येतं. फोन करायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. तातडीची वेळ असेल तर १०८ ला रुग्णवाहिका बोलवावी. बसची वाट बघताना शेजारी कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाला "गोळी घेतली का?" असं आपण विचारतोच. त्याच्याबरोबर "रात्री झोप लागली का?" एवढं आणखी विचारावं.